स्लिपवरचा एआरएन: डायरेक्ट इंडेक्स फंड घेतानाचा माझा अनुभव

इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टीसारख्या इंडेक्समधलेच शेअर घेणारा फंड, निवडायला एक संध्याकाळ पुरली. तो डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे एजंटचं कमिशन नसलेल्या प्लॅनमध्ये, पडावा म्हणून मात्र तीन आठवडे गेले, ते एका फाडायच्या स्लिपपायी. म्हणून आधी त्या स्लिपबद्दल.

म्युच्युअल फंडाच्या छापील स्टेटमेंटच्या तळाशी पुढच्या खरेदीची स्लिप असते. फोलिओ नंबर (फंडातला खाते क्रमांक), नाव, सगळं आधीच छापलेलं. पण जुना फोलिओ एजंटमार्फत उघडलेला असेल, तर त्या स्लिपवर त्याचा एआरएन, म्हणजे ब्रोकर कोडही छापलेला असतो. आमचा फोलिओ आई आणि मी, दोघांच्या नावावर आणि दोघांच्याही सहीचा. बरीच अ‍ॅप एकाच नावाने गुंतवणूक घेतात, त्यामुळे कागदी फॉर्म भरणं आलं. नागपुरात धरमपेठेतल्या एका सेवा केंद्रात कोरा फॉर्म मागितला, तर काउंटरवरून उत्तर आलं, "स्लिप आहे ना जी तुमच्याजवळ, तेच द्या भरून." दिली. पुढच्या स्टेटमेंटमध्ये युनिट आली ती रेग्युलर, म्हणजे एजंटचं कमिशन धरलेल्या प्लॅनची.

भर दुपारी भांडायला गेलो, तेव्हा समजलं की नियमाने त्यांचंच बरोबर. फॉर्मवर ब्रोकर कोड आहे आणि प्लॅनचा रकाना कोरा आहे, तर व्यवहार रेग्युलरमध्ये जातो. कोड आहे पण प्लॅनमध्ये 'डायरेक्ट' लिहिलंय, तर डायरेक्टमध्ये. दोन्ही रकाने कोरे असले तरी डायरेक्ट. इतकंच काय, कोड कोरा ठेवून प्लॅनमध्ये 'रेग्युलर' लिहिलं तरीही डायरेक्टच. म्हणजे मी काहीच भरलं नसतं तरी चाललं असतं. छापलेल्या कोडने घात केला, आणि कोरा फॉर्म द्यायला दोन मिनिटं लागली असती याचा राग अजून आहे.

स्लिपच वापरायची झाली तर कोडवर आडवी रेघ मारा, शेजारच्या ईयूआयएनवरही (एजंटच्या माणसाचा नंबर) मारा आणि खोडलेल्या जागी सगळ्या धारकांच्या सह्या घ्या. 'डायरेक्ट' हा शब्द दोनदा लिहा: कोडच्या रकान्यात आणि स्कीमच्या नावापुढे. पर्याय 'ग्रोथ' निवडा. आयडीसीडब्ल्यूमध्ये, म्हणजे लाभांश वाटणाऱ्या पर्यायात, हाती आलेला पैसा उत्पन्नात धरून तुमच्या स्लॅबने कर लागतो.

एकदा युनिट पडली की कोड खोडून भागत नाही, स्विच फॉर्म लागतो: त्याच स्कीमच्या रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये. रक्कम लिहू नका, 'सर्व युनिट' वर खूण करा, नाहीतर मागे चिल्लर उरते. पहिला फॉर्म परत आला, कारण आईने मराठीत सही केली होती आणि फोलिओतली नोंद इंग्रजी सहीची होती. हे सांगायलाही त्यांनी आठवडा घेतला. दुसऱ्या खेपेला पोचपावतीवर तारीख आणि वेळेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय काउंटर सोडलं नाही. तुम्हीही सोडू नका. इक्विटी फंडाला दुपारी ३ ची वेळ असते, त्यानंतर पुढच्या कामकाजाच्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, लागते. खरेदीत तर फंडाच्या खात्यात पैसे पोचल्याशिवाय एनएव्ही मिळत नाही, म्हणजे चेक दिला तो दिवस धरायचा नाही.

फंड तोच, बदलतो फक्त प्लॅन, तरी आयकराच्या दृष्टीने स्विच म्हणजे विक्रीच. १२ महिन्यांच्या आतल्या नफ्यावर २० टक्के कर. त्याहून जुन्या युनिटवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा मोकळा आणि वरच्या रकमेवर १२.५ टक्के. माझी युनिट नवी होती, नफा नगण्य, म्हणून सगळी एकदम काढली. दहा वर्षांची जुनी युनिट असतील तर दरवर्षी सव्वा लाख नफ्याच्या हिशेबाने तुकड्यातुकड्याने काढा. सगळ्यात आधी विकली जातात ती सर्वांत जुनी युनिट. जुनी एसआयपी (दरमहा आपोआप जाणारा हप्ता) स्विचने बंद होत नाही, तिचा फॉर्म वेगळा. तो विसरलात तर दर महिन्याला पुन्हा रेग्युलर युनिट येत राहतील.

एवढा खटाटोप कशासाठी? समजा त्याच फंडाचा एक्सपेन्स रेशो, म्हणजे वर्षाचा खर्च, डायरेक्टमध्ये ०.२० आणि रेग्युलरमध्ये ०.६० टक्के आहे. ५ लाखांवर वर्षाला १,००० विरुद्ध ३,००० रुपये. याचं बिल येत नाही, रोजच्या एनएव्हीतूनच कापलं जातं, त्यामुळे घरात कुणाला जाणवत नाही. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन ठेवावा लागतो, तरी सीताबर्डीच्या कुठल्याही बँकेत फंड मागा, समोर येतो तो रेग्युलरच.

निवडीचं थोडक्यात. एक्सपेन्स रेशो पाहा, पण ट्रॅकिंग डिफरन्स जास्त पाहा: फंड इंडेक्सच्या मागे किती राहिला, तो फरक. तुलना टीआरआयशी, म्हणजे लाभांश धरलेल्या इंडेक्सशी करा. ०.१० टक्क्याचा फंड ०.२० वाल्यापेक्षा जास्त मागे पडलेला असू शकतो, कारण हाताशी ठेवलेली रोकड आणि मार्च-सप्टेंबरमध्ये इंडेक्समधले शेअर बदलताना झालेली खरेदी-विक्री खर्चाच्या आकड्यात दिसत नाही. नावात 'निफ्टी' आहे म्हणून ५० च कंपन्या असतील असंही नाही.

अ‍ॅपवरचं 'शून्य कमिशन' म्हणजे डायरेक्ट प्लॅन, एवढाच अर्थ. युनिट डीमॅटमध्ये ठेवणारा प्लॅटफॉर्म असेल तर त्याचं शुल्कपत्रक उघडा. वर्षाला ३०० रुपये देखभाल आणि वर १८ टक्के जीएसटी धरला तर ३५४. ५०,००० च्या गुंतवणुकीवर ते ०.७१ टक्के पडतं, ०.२० टक्के खर्चाच्या फंडाच्या स्वतःच्या खर्चाच्या साडेतीनपट. विक्रीच्या वेळी डीमॅटवाला घेतो तो डीपी चार्ज वेगळा. डीमॅट हवंच असेल आणि तुमच्या नावावर तेवढं एकच असेल, तर बीएसडीए, म्हणजे छोट्या गुंतवणूकदाराचं साधं डीमॅट, मागा. त्यात ४ लाखांपर्यंतच्या गुंतवणुकीला देखभाल शुल्क नाही. इंडेक्स फंडाला डीमॅट लागतच नाही (शेअरसारखा बाजारात विकत घ्यायच्या फंडाला, ईटीएफला, लागतं). फंड कंपनीची वेबसाइट किंवा सगळ्या फंडांची एकत्रित साइट एमएफ सेंट्रल फुकट आहे.

खात्यातून ५,००० गेले आणि स्टेटमेंटमध्ये ४,९९९.७५ दिसले तर फोन करू नका, २५ पैसे मुद्रांक शुल्क आहे. एसआयपीच्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर फंड दंड करत नाही, बँक करते. लागोपाठ तीन मासिक हप्ते चुकले की एसआयपी रद्द.

कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या साइटवरून ईमेलवर एकत्रित स्टेटमेंट मागवा आणि प्रत्येक स्कीमच्या ओळीत सल्लागाराची जागा वाचा. तिथे एआरएन दिसला तर रेग्युलर. अ‍ॅपने काहीही सांगितलेलं असो.

चेक फोलिओतल्या पहिल्या धारकाच्या खात्याचा द्या. मुलाच्या खात्याचा चालत नाही, माझा एक तसाही परत आला होता.