तुम्ही विचारलंत म्हणून: कोणतं काम राहू द्यायचं आणि कोणतं नाही

"सगळं रोजच्या रोज करता का हो तुम्ही?" घरी येणारी माणसं, त्यातही नुकताच संसार मांडलेली मुलंमुली, हे हमखास विचारतात. खरं उत्तर आहे, नाही. आमच्याकडे चादरींना इस्त्री होत नाही. दाण्याच्या कुटासाठी सालं पाखडली जात नाहीत. कपाटांच्या माथ्यावरची धूळ दिवाळीलाच निघते. पाण्याची तांब्याची कळशी बाहेरून काळसर असते, आणि एक खुर्ची बसण्यासाठी नसून कपड्यांसाठी आहे. घर मात्र छान चालतं, कारण काय टाळायचं हे आम्ही नीट ठरवून घेतलंय.

ठरवताना एकच बघायचं: हे काम आठ दिवस राहिलं तर ते तेवढंच राहील की वाढेल? कपाटावरची धूळ आठ दिवसांनीही धूळच असते, एका फडक्यात निघते. डब्यातल्या रव्यात पडलेला एक किडा आठ दिवसांनी एक राहत नाही. पहिल्या जातीचं काम खुशाल मागे टाकावं, दुसऱ्या जातीचं झोपण्याआधी उरकावं. यात सगळ्यात फसवं असतं ते दिसायला नीटनेटकं, पण आत काहीतरी वाढत असलेलं काम.

सुरुवात कणकेपासून करू, कारण तिच्याबद्दल उगाच अपराधी वाटून घेणारे फार. रात्री मळून ठेवलेल्या कणकेच्या सकाळी पोळ्या केल्या तर काही बिघडत नाही. मात्र फ्रिजात कणीक सैल पडते, म्हणून ठेवायची कणीक नेहमीपेक्षा जरा घट्ट मळा. वरून तेलाचा हात फिरवा आणि गोळा जेमतेम मावेल अशा घट्ट झाकणाच्या डब्यात दाबून बसवा. डबा मोठा असला की आत हवा राहते, आणि कोंड्यातल्या घटकांचा हवेशी संबंध आला की कणीक काळपट पडते. लाटण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढून ठेवली नाही तर पोळी कडेला चिरते. दुसऱ्या दिवशी संपवावी. तिसऱ्या दिवशी तार सुटली, आंबूस वास आला, तर मोह न ठेवता टाकावी.

भाताचं तसं नाही. भात दिसतो साधा, पण तो रात्रभर ओट्यावर ठेवणं ही आपल्या घरांतली सगळ्यात वाईट सवय आहे. तांदळात काही जीवाणूंचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होऊन वाढतात आणि त्यातले काही असं विष तयार करतात की जे पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे सकाळी खमंग फोडणी दिली तरी उलट्या व्हायच्या त्या होतात. उरलेला भात जेवणं झाल्यावर ताटात किंवा परातीत पसरायचा म्हणजे लवकर निवतो, मग डब्यात भरून तासा-दोन तासांच्या आत फ्रिजात. खोल पातेल्यात तसाच ठेवला तर मधला भाग कितीतरी वेळ गरम राहतो. भांडी सकाळी घासली तरी चालतील, पण भात आधी आत गेला पाहिजे. फोडणीच्या भातासाठी मोकळा, गार भातच चांगला, त्यामुळे चवीचंही काही जात नाही.

आता दाण्याचं कूट. सालं काढायची की नाही यावरून घराघरांत दोन पक्ष असतात. आमचं मत स्पष्ट आहे: खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, आमटी यांत सालं बिलकूल आड येत नाहीत, दाणे खमंग भाजले की झालं. लाडवाला मात्र पाखडून घ्यावीत, कारण तिथे जिभेला लागतात. दाणे मंद आचेवर सालाला डाग पडून ते सुटू लागेपर्यंत भाजावेत आणि पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरमध्ये घालावेत. गरम दाणे फिरवले की तेल सुटून गोळा होतो. मिक्सरही सलग न फिरवता थांबत थांबत, दोन-दोन सेकंद. कूट खवट होतं कारण दाणे फुटल्यावर तेलाला सगळीकडून हवा लागते. म्हणून आठवड्यापुरतं बाहेर ठेवा आणि बाकीचं फ्रिजरमध्ये. ते तिथे दगडासारखं होत नाही, चमच्याने सहज निघतं. एका बाबतीत मात्र आळस नको. कच्चे दाणे भाजण्याआधी ताटात पसरून बघा. बुरशी धरलेला, सुरकुतलेला, आतून काळपट दाणा दिसला तर काढून टाका. त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजल्याने पुरतं जात नाही. पिशवीभर दाण्यांना कुबट वास येत असेल तर निवडत न बसता पिशवीच टाका.

डब्यांच्या फळीवर सगळे डबे एकसारखे नसले, त्यांवर चिठ्ठ्या नसल्या तरी काही अडत नाही. नडते ती एक सवय, जुन्या रव्यावर नवा ओतण्याची. तळाशी राहिलेल्या मूठभर रव्यात किड्यांची अंडी असतात, त्यांना आपण ताजं अन्न पुरवतो, आणि दोष मात्र वाण्याला देतो. डबा आधी रिकामा करायचा, कोरड्या फडक्याने कोपरे आणि झाकणाची खाच पुसायची, मग नवा भरायचा. रवा आणल्याबरोबर मंद आचेवर सात-आठ मिनिटं कोरडाच भाजून ठेवला तर पावसाळ्यातही टिकतो. पूर्ण गार व्हायच्या आत झाकण लावलं तर आतल्या वाफेचं पाणी होतं आणि किड्यांऐवजी बुरशी येते. कडधान्यं आणि बेसन घट्ट पिशवीत तीन-चार दिवस फ्रिजरमध्ये ठेवून मग डब्यात भरा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, ती घराच्या उष्णतेला येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. तांदळात टोके झालेच तर परातीत पसरून हवेशीर सावलीत ठेवले की ते आपणहून निघून जातात. कडक उन्हात तांदूळ फार वेळ ठेवले तर त्यांना चिरा पडतात आणि भाताची कणी होते.

मिसळणाचा डबा रोज पुसायची गरज नाही. हळद मोहरीत सांडते, तिखट जिऱ्यात जातं, शेवटी सगळं एकाच फोडणीत पडणार असतं. फक्त चमचा कोरडा हवा आणि वाट्या अर्ध्याच भरलेल्या हव्यात, कारण डबा रोज शेगडीजवळ उघडतो आणि वाफ खातो.

साईचं लोणी रोज घुसळणारी घरं असतील, आम्ही आठ-दहा दिवसांनी करतो. हा आळस चालतो तो एका चमचा दह्यामुळे. साईच्या भांड्यात पहिल्याच दिवशी तळाला चमचाभर विरजण घाला आणि रोजची साय त्यात कालवत जा. विरजण नसेल तर फ्रिजच्या थंडीतही वाढणारे दुसरे जीवाणू साय ताब्यात घेतात आणि तिला कडवट चव येते. तो कडूपणा तुपातही उतरतो. भांडं भरलं की पाच-सहा तास बाहेर ठेवून विरजू द्या. मग गार पाणी घालून घुसळा, उन्हाळ्यात बर्फाचे चार-पाच खडे. पाणी कोमट असेल तर लोणी मऊ राहतं, कितीही घुसळलं तरी गोळा धरत नाही. निघालेला गोळा दोन-तीन पाण्यांनी धुवा, शेवटचं पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत. इथे घाई केली तर आत राहिलेलं ताक कढवताना तळाला लागतं आणि बेरी काळी होते. कढवताना कानाचा उपयोग होतो. आधी पाणी उडत असताना तडतड मोठी असते, ती हळूहळू बारीक होते, वरचा फेस खाली बसतो, तूप पारदर्शक होऊन तळाची बेरी दिसू लागते. बेरी बदामी झाली की लगेच गॅस बंद. भांडं गरम असतं, पुढचा रंग ते स्वतःच चढवतं.

भांड्यांत काळं दिसणं आणि खराब असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिडाचा तवा काळाच हवा. तो काळेपणा म्हणजे तापून घट्ट बसलेला तेलाचा थर, त्यामुळेच धिरडं सुटतं. तो घासणीने खरवडून चकचकीत केला की पुढची चार धिरडी चिकटलीच म्हणून समजा. गरम पाण्याने धुवा, आचेवर पूर्ण कोरडा करा, तेलाचं बोट फिरवा. भिजत मात्र ठेवू नका, रात्रीत गंज येतो. तांब्याची कळशी बाहेरून काळी पडली तर पडू द्या, सणाला चिंच-मीठ लावून लख्ख करता येते. आतून मात्र रोज धुवायची, हिरवट डाग दिसले तर लगेच घासायची, आणि तिच्यात लिंबूसरबत कधीच ठेवायचं नाही. पितळी पातेल्याला कल्हई असेल तोवरच त्यात आमटी. आतला पांढरेपणा जाऊन पिवळं दिसू लागलं की आंबट पदार्थ कळकतात, मग कल्हईवाला गाठायचा. कल्हई कथलाची असते आणि कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून रिकामं पातेलं आचेवर ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका.

ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो तो पाण्यातल्या क्षारांमुळे. तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची फोड किंवा चिंचेचं बुटुक टाकलं की पडत नाही, पण पडला तरी अन्नाचं काही बिघडत नाही. त्यापेक्षा झाकण बघा. शिट्टी काढून तिच्या खालची नळी रोज उजेडाकडे धरा, आरपार भोक दिसलं पाहिजे. तुरीच्या डाळीचा फेस तिथे चढून वाळतो, नळी बुजते आणि वाफेला वाट उरत नाही. डाळ थेट कुकरात शिजवत असाल तर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, वर थोडं तेल घाला, फेस कमी होतो. गॅस्केट कडक झाली, कडेने वाफ गळू लागली की बदला. फ्रिजरमध्ये ठेवून ती दोन दिवस चालते, पण तो उपाय नव्हे.

ओटा रात्री चकचकीत नसला तरी चालेल, ओल्या फडक्याचा बोळा त्यावर नको. दिवसभर ओलं राहिलेलं फडकं सकाळी ओट्यावर फिरवलं की आपण स्वच्छतेऐवजी वास पसरवतो. दोन फडकी ठेवा, एक वापरात, एक दांडीवर उलगडून वाळत. घासणीही पिळून उभी ठेवा, साबणाच्या पाण्यात पडलेली नको.

पंखा पुसायला वेळ लागत नाही, अंगावर पडलेला कचरा झाडायला लागतो. जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवा, दोन्ही बाजूंनी दाबून ओढून घ्या, धूळ आतच राहते. कपाटाच्या माथ्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवा. स्वयंपाकघरातल्या धुळीत तेलाची वाफ मिसळून चिकटा होतो, तो घासत बसण्यापेक्षा कागद बदलणं सोपं. न्हाणीघरातले पांढरे डाग महिनाभर राहिले तरी चमचाभर लिंबूफूल पाण्यात कालवून लावल्यावर निघतात. पण संडासाचं ॲसिड आणि ब्लीच एकाच वेळी ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

आठवड्यातून एकदा चुकवू नये असं काम म्हणजे साचलेलं पाणी. कुंड्यांखालच्या ताटल्या सगळ्यांना माहीत असतात, फ्रिजच्या मागे खालच्या बाजूला असलेला ट्रे बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, शांत पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. कोरडा दिवस, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करून सुकवायचा दिवस, आठवड्याला पाळायला सांगतात तो या हिशेबाने. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी पाण्याच्या रेघेला कडेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. कड ब्रशने घासायची.

राहिली खुर्ची. एकदा घातलेले, पुन्हा घालता येतील असे कपडे तिच्यावर राहू द्या, ते कपाटात धुतलेल्या कपड्यांत मिसळण्यापेक्षा इथे बरे. चादरी झटकून, कडा ओढून वाळत घातल्या आणि अजून उन्हाची ऊब असतानाच घड्या घातल्या की इस्त्रीवाचून सपाट राहतात. पावसाळ्यात मात्र खुर्चीवरच्या ढिगात घामाचा सदरा किंवा ओला टॉवेल गेला, तर दोन दिवसांत खालच्या कपड्यांवर बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि सुती कपड्यावर बसलेले ते ठिपके धुऊनही पुरते जात नाहीत. म्हणून जूनपासून टॉवेल खुर्चीच्या पाठीवर नाही, दारामागच्या दांडीवर, पूर्ण उलगडून.