मिनीॲपोलिसच्या पोलिसांचा करारनामा

इकडे अमेरिकेत पोलिसांची युनियन असते असं फोनवर सांगितलं की घरच्यांचा आधी विश्वासच बसत नाही. पोलीस आणि युनियन? पण असते, आणि ती नावापुरती नसते. मी राहते त्या मिनीॲपोलिसमध्ये ‘पोलीस ऑफिसर्स फेडरेशन’ शहराशी दर काही वर्षांनी करार करते. पगार, ओव्हरटाइम, रजा तर त्यात असतंच. पण पाळ्या कशा वाटायच्या, कुणावर कारवाई झाली तर दाद कुठे मागायची, जुन्या नोंदींचं काय करायचं, असल्या गोष्टीही त्यातच येतात. हा जाडजूड करारनामा शहराच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतो. मी तो बसून वाचला, कारण हा विषय माझ्या घरातला आहे.

माझे वडील मुंबई पोलिसांत हवालदार होते. आम्ही वाढलो नायगावच्या पोलीस लाईनीत. बंदोबस्त लागला की बाबा दोन-दोन दिवस दिसत नसत. आजच्या तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल, पण महाराष्ट्रात एकेकाळी शिपायांची मान्यताप्राप्त संघटना होती. कामाचे तास, पगार, घरं, साहेबांच्या बंगल्यावरची ऑर्डर्लीची कामं, अशा तिच्या तक्रारी होत्या. १९८२ च्या ऑगस्टमध्ये, गिरणी संप ऐन भरात असताना, हे प्रकरण चिघळलं. १८ ऑगस्टला मुंबईचे शिपाई रस्त्यावर उतरले आणि शहरात लष्कर बोलवावं लागलं. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. सरकारने संघटनेची मान्यता काढली, नेत्यांना अटक झाली, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या दिवसानंतर लाईनीत संघटनेचा शब्द कुणी मोठ्याने काढत नसे.

अमेरिकेतही असंच घडलं होतं, पण फार आधी. सप्टेंबर १९१९ मध्ये बॉस्टनच्या पोलिसांनी संप केला, हजाराहून जास्त जण कामावर गेले नाहीत. कारण तेच: तुटपुंजा पगार, लांबलचक ड्युट्या, संघटना करायला बंदी. सगळ्या संपकऱ्यांना काढून टाकलं आणि पुन्हा कधीच घेतलं नाही. त्यांच्या जागी जी भरती झाली तिला मात्र वाढीव पगार आणि फुकट गणवेश मिळाला! त्या धसक्याने पुढची चाळीसेक वर्षं पोलीस युनियन हा विषय थंड पडला. मग १९५९ पासून एकेका राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क द्यायला सुरुवात केली. मिनीॲपोलिस ज्यात येतं त्या मिनेसोटा राज्याचा कायदा १९७१ चा. त्यात पोलीस ‘अत्यावश्यक’ गटात येतात, म्हणजे संप करायचा नाही. त्याच्या बदल्यात वाटाघाटी अडल्या तर लवादाकडे, म्हणजे दोन्ही बाजू ऐकून निवाडा देणाऱ्या तटस्थ माणसाकडे जायचं, आणि लवादाचा निर्णय दोघांनाही बंधनकारक. इथवर मला हा सौदा न्याय्यच वाटतो. आमच्या बाबांना असा लवाद मिळाला असता तर त्यांच्या पिढीवर रस्त्यावर उतरायची वेळ आली नसती.

दुखणं पुढे सुरू होतं. तोच लवाद शिस्तीच्या प्रकरणांतही शेवटचा शब्द ठरतो. पोलीस प्रमुखाने एखाद्याला कामावरून काढलं की युनियन त्याच्या वतीने तक्रार दाखल करते आणि प्रकरण लवादापुढे जातं. पूर्वी लवाद कोण हे ठरवायची पद्धत अशी होती: नावांची यादी समोर ठेवायची, शहराने एक नाव खोडायचं, युनियनने एक, शेवटी उरेल तो लवाद. म्हणजे दोन्ही बाजूंना खपणारा माणूस पुढे टिकणार. साहजिकच निकालही पुष्कळदा मधलाच यायचा, नोकरी परत पण थोडी शिक्षा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की लवाद शिक्षा तोलताना मागची उदाहरणं काढतो. याच दलात अशाच चुकीला पूर्वी काय शिक्षा दिली होती? तेव्हा नुसती समज देऊन सोडलं असेल तर आता याला बडतर्फ करणं हा भेदभाव ठरतो. एरवी कामगारांच्या बाजूने हा नियम अगदी रास्त आहे. पण ज्या दलात वर्षानुवर्षं डोळेझाक झाली, तिथे नवा प्रमुख कडक वागायला गेला की आधीच्यांची ढिलाई त्याच्या आड येते.

मिनीॲपोलिसला खेटून रिचफिल्ड नावाचं गाव आहे. तिथल्या एका अधिकाऱ्याने २०१५ मध्ये एका सोमाली तरुणाच्या डोक्यात चापट मारली आणि बळाचा वापर केल्याचं वरिष्ठांना कळवलंच नाही. मारल्याचा व्हिडिओ होता. गावाने त्याला बडतर्फ केलं. लवादाने ती शिक्षा काही दिवसांच्या बिनपगारी निलंबनावर आणली. गाव राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण २०१९ मध्ये तिथेही लवादाचाच निर्णय कायम राहिला. लवादाचा निर्णय न्यायालयाला पटो न पटो, तो उलटवायला कायद्यात फारच अरुंद वाट आहे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१७ मध्ये देशातल्या मोठ्या पोलीस दलांचा हिशेब मांडला होता: २००६ पासून गैरवर्तनासाठी काढलेले किमान १,८८१ जण, आणि त्यांतले ४५० हून जास्त अपिलानंतर परत घ्यावे लागले.

नोंदींचंही तसंच. मिनेसोटात शिक्षा अंतिम झाली तरच तिचा तपशील लोकांना पाहता येतो, आणि लवाद चालू असेतोवर ती अंतिम नसते. मिनीॲपोलिसमध्ये किरकोळ चुकांवर ‘कोचिंग’ देत, म्हणजे वरिष्ठ नुसतं समजावून सांगत. शहराच्या लेखी कोचिंग म्हणजे शिक्षा नव्हे, त्यामुळे ते लोकांपुढे येतच नसे.

डेरेक शॉविनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मिनीॲपोलिसच्या या पोलिसाने २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर गुडघा दाबून धरला, त्यात फ्लॉइडचा जीव गेला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्याच्यावर किमान सतरा तक्रारी होत्या, आणि कारवाई म्हणाल तर ताकीदपत्रं, बस्स. मला मात्र त्याहून जास्त छळते ती दुसरीच गोष्ट. तो नव्या पोलिसांना शिकवणारा ‘फील्ड ट्रेनिंग ऑफिसर’ होता! त्या दिवशी सोबत असलेल्या दोघा नवख्यांची पूर्ण पोलीस म्हणून जेमतेम काही दिवसांची नोकरी झाली होती, आणि त्यांतला एक शॉविनच्याच हाताखाली तयार झालेला. दुसऱ्याने विचारलंही, की याला कुशीवर वळवायचं का? शॉविन नको म्हणाला. विषय संपला. अकादमीत काहीही शिकवलेलं असो, रस्त्यावर पहिले काही महिने शेजारच्या सीटवर कोण बसलंय, खरं शिक्षण तेच. ज्याच्या तक्रारींची नोंद कधी शिक्षेपर्यंत पोचलीच नाही तो कागदावर अनुभवी आणि निष्कलंक दिसतो, आणि नवी पोरं त्याच्याच हाती सोपवली जातात. भरतीची चाळणी, प्रशिक्षण, शिस्त या तीन वेगवेगळ्या गोष्टी नाहीतच.

प्रशिक्षणावरून उघड भांडणही झालं होतं. महापौर जेकब फ्राय यांनी २०१९ मध्ये ‘वॉरियर’ पद्धतीच्या प्रशिक्षणावर बंदी घातली. समोरचा प्रत्येक माणूस जिवावर उठलेला आहे असं धरून चालायला हे प्रशिक्षण शिकवतं. युनियनचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब क्रोल यांनी लगेच जाहीर केलं की ज्यांना हवं त्यांना सुट्टीच्या वेळात युनियन ते फुकट देईल. फ्लॉइडच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच दिवशी तिथे हजर असलेल्या चौघा पोलिसांना काढलं, तेव्हाही क्रोल यांनी सदस्यांना लिहिलं की त्यांना रीतसर संधी न देता काढलं गेलं आणि त्यांच्या नोकऱ्यांसाठी युनियन लढते आहे. फ्लॉइड कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलरची भरपाई दिली ती शहराने, म्हणजे आम्ही कर भरणाऱ्यांनी. युनियनला त्यातला एक सेंटही द्यावा लागला नाही.

तेव्हाचे पोलीस प्रमुख मेडारिया अराडोंडो यांनी जून २०२० मध्ये करार-वाटाघाटींतून अंग काढून घेतलं. हेच अराडोंडो २००७ मध्ये आणखी चार कृष्णवर्णीय सहकाऱ्यांसह आपल्याच दलाविरुद्ध वर्णभेदाचा दावा घेऊन कोर्टात गेले होते. पण कायद्याने वाटाघाटी टळत नाहीत, टेबलावर परत यावंच लागतं. खरा बदल टेबलाबाहेर झाला. जुलै २०२० मध्ये राज्याने कायदा करून पोलिसांच्या गैरवर्तनाच्या प्रकरणांसाठी लवादांचं ठरावीक मंडळ नेमलं. आता लवाद क्रमाने नेमला जातो, नावं खोडायची पद्धत गेली. वॉरियर प्रशिक्षणावरही राज्यभर बंदी आली.

२०२४ च्या जुलैमध्ये शहराने नवा करार मंजूर केला, तीन वर्षांत मिळून २१.७ टक्के वाढ. एवढी वाढ देतोय तर शिस्तीची कलमं आणखी कडक करून घ्या, असा काही नगरसेवकांचा आग्रह होता. त्यांचं म्हणणं मला पटतं, तरी पगारवाढीला माझा विरोध नाही. २०२० नंतर इतके जण सोडून गेले की दल कित्येक दशकांत नव्हतं इतकं लहान झालं. शिवाय सेवाज्येष्ठतेने पाळ्या निवडायची पद्धत अमेरिकेत सर्रास आहे. अनुभवी माणसं दिवसपाळी घेतात आणि रात्रीच्या अवघड ड्युटीवर नवखे उरतात. माणसंच कमी असतील तर हे आणखी बिघडतं.

हे वाचून कुणी म्हणेल, बरंय, आपल्याकडे युनियन नाही. मी तसं म्हणणार नाही. ज्या जूनमध्ये फ्लॉइडच्या मृत्यूनंतरच्या दंगलींत मिनीॲपोलिस जळून निवलं होतं, त्याच जून २०२० मध्ये मुंबईत सचिन वाझे पोलीस दलात परतले. ख्वाजा युनूसच्या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात ते २००४ पासून निलंबित होते. तिथे ना करार होता, ना लवाद. वरिष्ठांच्या समितीने फाइलवर निर्णय घेतला. पुढे अँटिलिया प्रकरणात मार्च २०२१ मध्ये अटक आणि मे महिन्यात बडतर्फी झाली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. रिचफिल्डच्या लवादाचा निकाल निदान कारणांसकट छापलेला आहे, मी इथे बसून तो वाचू शकते. आपल्याकडे शिपायाला तास-पगाराबद्दल बोलायला व्यासपीठ नाही, आणि साहेबाला परत घेण्याची कारणं नागरिकाला दिसत नाहीत.

माझं मत विचाराल तर पगार, तास, घरं, सुट्ट्या यांवर पोलिसांनी हवं तितकं ताणून भांडावं, आणि त्यासाठी त्यांना संघटनाही असावी. पण नागरिकाला मारलं तर चौकशी कोण करणार आणि नोंद किती वर्षं राहणार, हे वाटाघाटीत घासाघीस करायचे मुद्दे नाहीत. ते कायदेमंडळाने कायद्याने ठरवावं, कारण ज्याला मार बसतो तो त्या टेबलावर कुठल्याच बाजूला बसलेला नसतो.