एक इंच बर्फ आणि आय-८०

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात सात हिवाळे काढलेत त्यामुळे बर्फाचं कौतुक कधीच संपलंय, पण स्नो स्क्वॉल (थोडाच वेळ येणारं, पण समोरचं काही दिसू न देणारं बर्फाचं वादळ) हे प्रकरण मी मागच्या थंडीपर्यंत सिरियसली घेतलंच नव्हतं. आई-बाबा लंडनमार्गे संध्याकाळी ७ ला न्यूअर्कला उतरणार, मला आय-८० हायवेने चार तास गाडी चालवत जायचं, आणि ॲप म्हणतंय बर्फ १ इंच, वारा जोरात. बायको म्हणाली एका इंचाला कसला घाबरतोस, मला पण पटलं.

रात्री सहज म्हणून नॅशनल वेदर सर्व्हिसचं फोरकास्ट डिस्कशन उघडलं (नुसता मजकूर असतो, हवामानवाले आपापसात बोलल्यासारखा, पण ॲपमधल्या ढगाच्या चित्रापेक्षा कितीतरी कामाचा). त्यात आर्क्टिक फ्रंट (उत्तरेकडून घुसणाऱ्या गार हवेची आघाडी), त्याच्या तोंडावर बर्फाचा बारीक पट्टा आणि पाव मैलापलीकडचं दिसणार नाही असं लिहिलेलं. तेव्हा आय-८१ हायवेवरचा अपघात आठवला. २८ मार्च २०२२ ला आमच्याच राज्यातल्या स्कूकिल काउंटीत असाच स्क्वॉल आला, ८० गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि ६ माणसं गेली. म्हणजे इंच मोजून उपयोग नाही, तो पट्टा नेमका किती वाजता कुठे असेल एवढंच बघायचं.

मग एचआरआरआर हे पुढच्या काही तासांचा अंदाज देणारं हवामानाचं कॉम्प्युटर मॉडेल घेऊन बसलो, ते दर तासाला नवीन येतं, आणि तीच तर पंचाईत, एका रनमध्ये पट्टा आमच्यावर ११ ला, पुढच्यात १ ला, त्याच्या पुढच्यात साडेबाराला. शेवटी लॅपटॉप मिटून झोपलो.

सकाळी मॉडेल सोडूनच दिलं आणि पश्चिमेकडच्या विमानतळांची ताजी निरीक्षणं बघत बसलो. ईरीला ९:२५ च्या सुमारास वारा एकदम वायव्येचा झाला आणि १० मैल दिसत होतं ते पाव मैलावर आलं. डुबॉइसला तेच ११:२५ ला. मध्ये अंदाजे ९० मैल, म्हणजे ताशी ४५, तिथून आमच्यापर्यंत ६० मैल, म्हणजे पाऊण वाजता दारात! शाळेतलं गणित इतक्या वर्षांनी कामाला आलं. गंमत म्हणजे रडारवर हा पट्टा फिकट हिरवा, अगदी किरकोळ दिसत होता, पण ५११पीए या राज्याच्या रस्त्यांची माहिती देणाऱ्या साइटवरच्या कॅमेऱ्यात नुसतं पांढरं. स्क्वॉलचे ढग फार उंच नसतात आणि रडारचा बीम लांब जाईल तसा वर वर जातो, त्यामुळे बरंचसं त्याच्या खालूनच निसटतं.

आता मोह असा की तो ४५ ने येतोय, मी ६५ ने जाणार, आत्ता निघालो तर कायम पुढेच राहीन. पण पुढे एखादा ट्रक आडवा झाला तर मी रांगेत उभा आणि मागून हा येतोय. म्हटलं थांबू.

१२:४० ला फोन भोंग्यासारखा कोकलला, स्क्वॉल वॉर्निंग. दहा मिनिटांत समोरचं घर गायब, शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा गल्लीभर लोळतोय, लाइट दोनदा गेले-आले. २५ मिनिटांत खेळ खलास आणि वर ऊन! पण तापमान ३७ फॅरनहाइटवरून २६ वर, आधी ओला असलेला रस्ता काचेसारखा. खरी भीती त्या काचेचीच. मीठवाली गाडी जाईपर्यंत थांबून पावणेदोनला निघालो.

चूक एकच केली, पहिला पट्टा गेला म्हणजे संपलं असं धरलं. मागून ईरी सरोवरावरून आणखी पट्टे येत असतात, त्यातला एक ब्लूम्सबर्गच्या अलीकडे गाठ पडला. पुढच्या गाडीचे लाल दिवे विरघळायला लागले तसा मिळाला तो एक्झिट घेतला आणि पेट्रोल पंपावर २० मिनिटं बसून राहिलो, रिकामे ट्रेलर वाऱ्याने डुलत जाताना बघत.

साडेसहाला पोचलो. वाऱ्यामुळे विमान तासभर उशिरा, त्यामुळे निवांत कॉफी पण झाली. न्यूअर्कला आभाळ स्वच्छ, जमीन कोरडी ठक्क. आई बाहेर आली, इकडेतिकडे बघून म्हणाली, "कुठंय रे बर्फ? फोनवर तर केवढं सांगत होतास!"