पोपट्याने खाणं सोडलं आणि एका एक्स-रेसाठी आमचे सहा दिवस गेले

सहा दिवस. १३ फेब्रुवारी ते १८ फेब्रुवारी २०२५. अजून तो आकडा आठवला की माझं डोकं फिरतं, म्हणून शेवटी बसून लिहून काढतेय. सोलापुरात किंवा आसपास कुणाकडे इग्वाना (पाला खाणारा मोठा परदेशी सरडा) असेल आणि त्याने खाणं सोडलं असेल तर निदान तुमचे तरी दिवस वाचतील.

आधी थोडं सांगते. पोपट्या हा माझ्या धाकट्या भावाने आणलेला हिरवा इग्वाना. भाऊ आता नोकरीला पुण्यात, पोपट्या जुळे सोलापुरात माझ्याकडे आणि आईकडे. वय साधारण चार वर्षं, शेपटीसकट चार फुटाच्या वर लांब. विकणाऱ्याने नर म्हणून दिलेला, आम्हीही नर म्हणूनच वाढवला. भावाने २०२४ मध्ये परिवेश पोर्टलवर (केंद्राच्या पर्यावरण खात्याची वेबसाइट) त्याची रीतसर नोंदणीही केलेली, कारण हिरवा इग्वाना सायटिसच्या (वन्यप्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात येतो आणि असे प्राणी घरी असतील तर नोंद करायचा नियम आला होता. त्या कागदाने पुढे काय रडवलं ते सांगतेच.

गड्डा यात्रा संपली आणि जानेवारीच्या शेवटी त्याचं खाणं कमी झालं. ३ फेब्रुवारीला एकदम बंद. याला जास्वंदीचं फूल दाखवलं की खोलीच्या त्या टोकाहून पळत यायचा, आता फूल नाकासमोर धरलं तरी मान फिरवायचा. शेवग्याचा पाला नाही, दुधी नाही, लाल भोपळ्याचा कीस नाही, काही नाही. आम्हाला वाटलं थंडीने झालं असेल. सोलापूर म्हणलं की लोकांना ऊनच आठवतं पण फेब्रुवारीत रात्री चांगलाच गारवा असतो, आणि याचं अंग बाहेरून तापलं नाही तर पोटातलं पचत नाही. दिवसा बसायच्या जागेवर ३५ ते ३८ डिग्री लागते, रात्रीही २४ च्या खाली जाऊ नये असं आम्ही बघतो. थर्मामीटर लावून बघितलं तर रात्री २१. मग सिरॅमिक हीटर लावला. तापमान बरोबर झालं, खाणं मात्र सुरू झालं नाही.

एक गोष्ट विचित्र होती. मी दर रविवारी त्याचं वजन करते, वजन कमीच होईना. २ किलो १२०, तेवढंच. पण शेपटीची मुळाजवळची जाडी गेलेली, मागच्या मांड्या बारीक झालेल्या, आणि पोट मात्र दोन्ही बाजूंनी फुगलेलं. आणि दिवसभर खोलीचे कोपरे उकरत बसायचा, फरशीवर नखं झिजेपर्यंत. आई म्हणायची याला जायचंय कुठंतरी. आईचं बरोबर होतं, पण आम्हाला कळायला वेळ लागला.

१२ तारखेला कुत्र्या-मांजरांच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मला यातलं कळत नाही, पण पोटात काहीतरी आहे, एक्स-रे काढून आणा, फोटो पुण्याच्या माणसाला पाठवू. त्यांच्याकडे मशीन नव्हतं. त्यांचा मला अजिबात राग नाही, नाही कळत म्हणणारा डॉक्टर मला शंभरपटीने चालतो. राग आहे तो त्याआधी मेडिकलवाल्याने जंताचं औषध दिलं आणि ‘तोंड उघडून भरवा’ म्हणाला त्याचा. असं करू नका. दोन माणसांनी धरून जबडा उघडायचा म्हणजे त्याच्या जिवाला घोर, आणि खाणं का बंद झालं तेच माहीत नसताना पोटात कोंबून काय होणार? आम्ही एकदा केलं, त्याने शेपटीचा असा फटका मारला की आईच्या हातावर चार दिवस वळ होता. त्याचं चुकलं नव्हतं.

तर एक्स-रे.

१३ तारखेला हाफ डे टाकला (मी युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशोब बघते, फेब्रुवारीत शाळांच्या ऑर्डरी सुरू होतात, सुट्टी मागायची म्हणजे तोंड बारीक करून उभं राहायचं). पहिल्या सेंटरवर काउंटरच्या ताईंनी क्रेटवरचा टॉवेल उचलला आणि किंचाळल्याच, ‘ओ घोरपड हाय ही, घेऊन जावा आधी, पोलीस येतील.’ मी सांगतेय की ताई घोरपड नाहीये, पण ऐकणार कोण. रांगेतले दोघं तिघं मोबाइल काढून शूटिंग करायला लागले. मी क्रेट छातीशी धरून बाहेर आले. पोपट्या आत नुसता टॉवेलमध्ये डोळे मिटून पडलेला.

लोकांचीही पूर्ण चूक नाही म्हणा. घोरपड ठेवणं खरंच गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ती, आणि ठेवूही नये. पण दोघांत फरक कळायला एक मिनिट लागतो. घोरपडीची जीभ सापासारखी लांब आणि दुभंगलेली, इग्वानाची जाड आखूड गुलाबी. इग्वानाच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबणारी कातडी, आणि कानाच्या खाली एक मोठा गोल खवला, बटणासारखा चमकणारा. तो खवला घोरपडीला नसतोच. मी आता मोबाइलमध्ये दोन्हीचे फोटो शेजारी शेजारी लावून ठेवलेत, तुम्हीही ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुसरं सेंटर. इथले दादा बोलायला चांगले होते. म्हणाले काढून देतो, पण कागद दाखवा. मी प्रमाणपत्राची प्रिंट दिली. त्यांनी उलटी करून मागे बघितलं. ‘शिक्का कुठंय?’ मी म्हणलं दादा ऑनलाइन निघालंय, यावर शिक्का नसतो. ‘नाव पण तुमचं नाही.’ भावाचं आहे, पत्ता हाच आहे, आडनाव तेच आहे, हे माझं आधार. ‘तसं नाही ताई, उद्या काही झालं तर आमच्यावर येतं. तुम्ही वन खात्याच्या ऑफिसातून शिक्क्याचं पत्र आणा, लगेच काढतो.’

शिक्क्याचं पत्र. हे दोन शब्द मी पुढचे चार दिवस झोपेतही ऐकत होते.

तशीच त्या ऑफिसला गेले. शुक्रवार, दुपारचे पावणेचार. ज्यांच्याकडे हा विषय होता ते साहेब मीटिंगला. टेबलवरच्या माणसाने अर्ज लिहायला सांगितला, मी तिथेच उभ्या उभ्या लिहिला, मग म्हणाले हा आवकला द्या, आवकचं टेबल बंद झालेलं. शनिवार रविवार सुट्टी. त्या दोन दिवसांत पोपट्याने डोळे आत ओढल्यासारखे केले होते, म्हणून त्याला सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या टबात वीस मिनिटं बसवायला लागलो, टबातच तो थोडं पाणी प्यायचा. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तरी आईने रोज त्याच्यासाठी एक बादली बाजूला काढली. हे टबाचं मी आधीच करायला हवं होतं. खाणं बंद असलं तरी चालून जातं काही दिवस, पाणी कमी पडलं की प्राणी लवकर ढासळतो.

सोमवारी साहेब दौऱ्यावर. मी दोन तास बाकावर बसले. माझ्या शेजारी एक आजोबा झाड तोडायच्या परवानगीसाठी तिसऱ्यांदा आलेले. मला म्हणाले, ‘पोरी, डबा आणत जा बरोबर.’ मंगळवारी साहेब भेटले. त्यांनी प्रिंट बघितली, मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि म्हणाले, ‘हे व्हॅलिड आहे की. उपचाराला वेगळं पत्र लागत नाही. आम्ही असं पत्र देतच नाही.’

मी विचारलं मग हे शुक्रवारी कुणी का नाही सांगितलं? ते म्हणाले मॅडम मी मीटिंगला होतो. एवढंच. माझ्या डोळ्यात पाणी आलं तिथे, खोटं कशाला सांगू. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य टेबलवरच्या माणसालाही माहीत असायला हवं होतं, त्यासाठी माझे चार दिवस आणि त्या मुक्या जिवाचे चार दिवस घालवायची काय गरज होती? मी म्हणलं मग हेच माझ्या अर्जावर लिहून द्या, तर ते म्हणाले लेखी देता येणार नाही.

तशीच सेंटरवर गेले, साहेबांनी काय सांगितलं ते सांगितलं. दादा म्हणाले, ‘लेखी आणा ना ताई.’

त्या रात्री मी आणि आई जेवलो नाही.

१९ ला शिवजयंती, सगळं बंद. सकाळी दूधवाले काका आले, आईने त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. ते म्हणाले, ‘आमच्या म्हशींचे डॉक्टर सोनोग्राफी करतात की, गाभण हाय का बघायला. त्यांना विचारू का?’ मला वाटलं म्हशीचं मशीन आणि दोन किलोचा सरडा, काय होणार. पण काकांनी तिथेच फोन लावला. मंगळवेढा रोडला त्यांचा दवाखाना, बाहेर लांब शिंगांच्या दोन पंढरपुरी म्हशी बांधलेल्या. डॉक्टरांनी एकही कागद मागितला नाही, मीच स्वतःहून दाखवला. टेबलावर टॉवेल अंथरला, मी पोपट्याच्या डोळ्यांवर हात ठेवला (डोळे झाकले की शांत होतो, हे लक्षात ठेवा), त्यांनी जेल हातावर चोळून आधी गरम केलं आणि पोटाला प्रोब लावला. स्क्रीनवर गोल गोल काळसर आकार, प्रत्येकाभोवती पांढरी कड. एकाला एक चिकटून, सगळं पोट भरलेलं. डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ताई, ही मादी आहे. अंडी आहेत ही.’

व्हिडिओ पुण्याच्या एक्झॉटिक, म्हणजे असल्या परदेशी प्राण्यांच्या डॉक्टरांना पाठवला, त्यांनी फोनवरच सगळं समजावलं. इग्वानाची मादी नर नसला तरी अंडी धरते, कोंबडा नसताना कोंबडी देते तशीच. पोटात जागाच उरत नाही म्हणून अंडी घालायच्या आधी तीन-चार आठवडे खात नाही. उकरणं म्हणजे अंड्यांसाठी जागा शोधणं. जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि मग ऑपरेशन, नाहीतर प्राणी जातो. उकरतेय, फिरतेय, डोळे उघडे आहेत तोवर वेळ आहे. नुसती पडून राहिली, बोटं थरथरायला लागली, जबडा मऊ लागला तर त्याच क्षणी गाडी काढून पुण्याला या, म्हणाले. कॅल्शियमचं औषध त्यांनी वजनावरून ठरवून दिलं, त्यामुळे डोस इथे लिहीत नाही, तुम्हीही कुणाचं बघून देऊ नका.

जागा करायला वस्तू घरातच होती. सोलापुरात कुणाच्या घरात पाण्याचा ड्रम नाही? २०० लिटरचा जुना निळा ड्रम आडवा टाकला, तोंडाशी अर्ध्या भागावर फळी लावली, आत माती आणि बारीक वाळू निम्मी निम्मी, ओली करून भरली. मुठीत दाबली की लाडू व्हायला हवा पण पाणी निथळायला नको, नाहीतर बोगदा ढासळतो. वर चादर टाकून अंधार केला. २२ तारखेला ती आत शिरली ती दिवसभर माती बाहेर फेकत होती, हॉलभर माती, आई केरसुणी घेऊन बसलेली आणि हसत होती, तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

२५ ला, महाशिवरात्रीच्या आदल्या रात्री, मी दोन वाजता उठून टॉर्चने हळूच बघितलं. भोकातून फक्त तोंड बाहेर, डोळे अर्धे मिटलेले, आणि अंगावरून एक एक कळ जाताना पाठीचे काटे हलत होते. मी टॉर्च बंद करून अंधारात तिथेच बसून राहिले. सकाळी ती बाहेर, अंगाला चिकटलेली माती, बाजूच्या कातड्या पोटात गेलेल्या, आणि भोक पक्कं बुजवून टाकलेलं. ३८ अंडी निघाली. पांढरी, मऊ, चामड्यासारखी. वजन १ किलो ५४०. परत सोनोग्राफी करून आत काही राहिलं नाही ना बघून घेतलं, त्या डॉक्टरांनी दुसऱ्या वेळचे पैसेही घेतले नाहीत.

मध्ये एक राहिलं, यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं देणारी ट्यूब. आमची दीड वर्ष जुनी होती. उजेड देते म्हणून आम्ही बदललीच नव्हती, पण उजेड असला तरी किरणं कमी होत जातात, वर्षाच्या आत बदलायची असते. आणि खिडकीच्या काचेतून ऊन येतं म्हणून समाधान मानू नका, काच ती किरणं अडवते. त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि अंडी बाहेर ढकलायला स्नायूंना कॅल्शियमच लागतं. आम्ही आता सकाळी गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात अर्धा तास ठेवतो, निम्म्या पिंजऱ्यावर पोतं टाकून. मार्चनंतर सोलापूरच्या उन्हात सावलीशिवाय अजिबात ठेवू नका. पालकही रोज नको, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम मिळत नाही. शेवग्याचा पाला सगळ्यात चांगला.

हे दरवर्षी होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी अंडाशय काढायचं ऑपरेशन सुचवलंय. अंगावर मांस धरलं की पुण्याला नेणार आहोत. भाऊ म्हणतो कागदावरचं नर हे दुरुस्त करायला अर्ज करू. कर म्हणलं, पण त्या ऑफिसच्या बाकावर आता तूच बस.

अंडी घातल्यावर त्याच दिवशी दुपारी मी जास्वंदीचं फूल धरलं. तिने आधी जिभेने चाटलं, थांबली, आणि मग देठासकट ओढून घेतलं. पाठोपाठ अजून चार खाल्ली. आईने शेजारच्या अक्कांच्या झाडावरची उरलेली सगळी फुलं मागून आणली.