मांडवाखालची चकाकी

खारा वारा कोकणात कोणाचीच गय करत नाही. खिडकीचे गज, पंख्याची पाती, सायकलची चेन, गेटची कडी, सगळ्यांवर त्याचा हक्क. मग दारात उभी असलेली गाडी त्यातून कशी सुटणार? होडीच्या लाकडाला माशाचं तेल चोपडायची रीत या किनाऱ्याला जुनी आहे. गाडीला सिरॅमिक स्प्रे, म्हणजे रंगावर पातळ रक्षक थर बसवणारं औषध, मारणं हे त्याच घराण्यातलं काम. वास तेवढा बरा, आणि बाटली बरीच महाग.

बाटलीवर काय वाट्टेल ते छापलेलं असतं. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. स्प्रेचा थर वाळल्यावर एक मायक्रॉनसुद्धा भरत नाही. त्यामुळे '९एच' हा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. ती पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाची श्रेणी आहे. चिऱ्याच्या ट्रकमागून उडणाऱ्या खड्यांना तिचं काही सोयरसुतक नसतं. पाणी, मीठ, झाडाचा चीक, पाखरांची शीट यांना रंगावर मूळ धरू न देणं एवढंच या थराचं काम. किनाऱ्यावर तेवढंही पुष्कळ झालं.

मुहूर्त मात्र बघावा लागतो. चाकरमानी गणपतीला गाडी घेऊन येतात आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी हौसेने बाटली काढतात. त्या दिवसांत हवा इतकी ओली असते की पत्रा धड कोरडाच होत नाही. स्प्रे मारला की क्षणात धुरकट होतो, आणि नंतर कितीही पुसा, पट्टे जात नाहीत. खरा हंगाम दिवाळीनंतरचा. पाऊस ओसरलेला, अंगणात झापांचा मांडव पडलेला. मांडवाची सावली या कामाला नामी, कारण पत्रा हाताला गार लागला पाहिजे. उन्हात तापलेल्या बोनेटवर औषध पसरायच्या आतच सुकतं. फक्त झापांतून कचरा गळत नाही ना, ते आधी पाहावं आणि गाडी ठेवण्यापूर्वी वरून एकदा झाडून घ्यावं. वेळ सकाळची. पहाटेचं दव पूर्ण टिपून झाल्यावर, आठ-साडेआठपासून अकरापर्यंत. तोवर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. दुपारी तो फिरला की मिठाचा बारीक फवारा ओल्या थरावर बसतो.

स्प्रे मारायला अर्धा-पाऊण तास पुरतो. त्याआधीच्या धुण्याला मात्र अख्खी सकाळ जाते, म्हणून शहाणा माणूस धुणं आदल्या दिवशी उरकतो. धुण्यात कंटाळा केला की खालचा मळ थराखाली चकचकीत होऊन कायमचा दिसत राहतो.

आपल्याकडचा खरा शत्रू तांबडी धूळ. जांभ्याची ही माती दिसते मऊ, पण तिच्यात कण असतात. त्यावर थेट फडकं फिरवलं की काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उन्हात उठून दिसतात. म्हणून हात लावण्यापूर्वी नुसत्या पाण्याने वरून खाली भरपूर धुवावं. मग दोन बादल्या घ्याव्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं. आधी छत, शेवटी खालचे पत्रे आणि चाकं. पाणी कुठलं वापरता तेही पाहावं. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी पत्र्यावर वाळलं तर पांढरे गोल डाग सोडतं, आणि त्यावर स्प्रे बसला की ते डाग आपण स्वतःच जपून ठेवले म्हणायचे. शेवटची धार नळयोजनेच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची असावी, आणि लगेच टिपून घ्यावं.

धुतल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोनेटवरून बोटं फिरवा. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. ती खरखर म्हणजे रंगात रुतलेले लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके, वाळलेला चीक. लोखंडाच्या कणांना आयर्न रिमूव्हर मारला की ते जांभळे होऊन ओघळतात. तो पत्र्यावर सुकू द्यायचा नाही, दोन-चार मिनिटांत धुऊन टाकायचा. डांबराला रॉकेल चालतं, पण त्याचा तेलकटपणा शाम्पूने पुन्हा काढावाच लागतो. उरलेल्याला क्ले बार, म्हणजे रुतलेला मळ ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा. सुपारीएवढा तुकडा मळून तीन बोटांइतका चपटा करायचा, पत्रा शाम्पूच्या पाण्याने ओलाच ठेवायचा आणि जोर न देता फिरवायचा. खरखर थांबली की थांबायचं. क्लेचा तुकडा अंगणात पडला तर सरळ फेकून द्यावा. काटकसरीचा जीव हळहळतो, पण त्याला चिकटलेली तांबडी वाळू पुढचा सगळा पत्रा खरवडते. क्ले वर्षातून एकदा पुरे, दर वेळी नको.

मग एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन भाग शुद्ध, बॅटरीत घालतात ते पाणी, असं मिश्रण फडक्यावर घेऊन सगळीकडून पुसायचं. जुनं वॅक्स, पॉलिश, बोटांचं तेल निघून जातं. हे राहिलं तर स्प्रे रंगाला न चिकटता त्या तेलाला चिकटतो आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत वाहून जातो. "महागाची बाटली फुकट गेली" ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

आता स्प्रे. बाटली नीट हलवा. थेट पत्र्यावर न मारता दुमडलेल्या मायक्रोफायबरवर दोन-तीन फवारे घ्या. किनाऱ्यावर वारा असतोच, अर्धं औषध शेजाऱ्याच्या जास्वंदीवर जातं. एका वेळी अर्धं बोनेट किंवा एक दार, बस्स. आधी आडवं, मग उभं पसरवा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने चकाकी येईपर्यंत पुसा. लहान गाडीला एकूण ४० ते ५० मिली पुरतं. बाटली अर्धी संपली तर समजावं, हात सैल सुटला. जास्त मारल्याने थर जाड होत नाही, तेलासारखे सप्तरंगी पट्टे तेवढे उमटतात. ते दिसले तर ताज्यात त्याच औषधाचा एक फवारा फडक्यावर घेऊन घासावं, मऊ होऊन निघतात. रात्र उलटली की पॉलिशशिवाय सुटका नाही. पुढच्या काचेवर स्प्रे जाऊ देऊ नका, वायपर कुरकुरतात आणि रात्री समोरच्या दिव्यांनी काच धुरकटते. ब्रेकच्या डिस्कपासून तर लांबच. वापरलेली फडकी काम संपताच पाण्यात टाकावी. वाळली की त्यातलं औषध कडक होतं आणि पुढच्या वेळी तेच फडकं ओरखडे काढतं.

ओल्या गाडीवर मारून धुऊन टाकायचेही स्प्रे मिळतात. ते सोपे वाटतात, पण त्यांना पाण्याची जोरदार धार लागते. कौलापर्यंतच उंची असलेल्या टाकीचं पाणी पाइपातून रडत येतं, आणि औषध जिथल्या तिथे ओघळून डाग धरतं. पंप नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

स्प्रे मारल्यावर रात्रभर गाडी दवात उभी करायची नाही. किमान १२ तास कोरडी, शक्य तर २४.

बाटलीवर सहा महिने लिहिलेले असले तरी आंब्याखाली उभ्या गाडीला तीन-चार महिने मिळाले तरी समाधान मानावं. मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा गोड चिकट द्रव टपकतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. मग कैरीचा चीक, वटवाघळांची शीट. शीट उन्हात क्लिअर कोट खाते. कोटिंग असो वा नसो, ती ओल्या फडक्याने भिजवून लगेच उचलावीच लागते. श्रावणातली गंमत आणखी वेगळी. पाण्याचे टपोरे मणी बघायला छान, पण सर थांबून ऊन पडलं की प्रत्येक मणी आपला ठसा ठेवून सुकतो.

आणि हे सगळं वरचं. गंज खालून येतो. पुळणीवर गाडी घालून फोटो काढणाऱ्यांनी, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीच्या उतारावर खारं पाणी चाकांना लागलेल्यांनी त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालची बाजू, चाकांच्या कमानी धुवाव्या. दारांच्या खालच्या कडेला पाणी वाहून जायची छोटी भोकं असतात. पावसाळ्यात ती तांबड्या चिखलाने बुजतात, पाणी दारातच साचतं, आणि वरून आरशासारखं चमकणारं दार आतून कुजत जातं. तार घालू नका, रंग निघतो. नारळाच्या झापाचा हीर घ्या, मऊ आणि पुरेसा ताठ. दार उघडून तो भोकात दोन-तीनदा फिरवला की आधी चिखलाची गोळी येते आणि मग वाटीभर पाणी.