पावसाच्या पाण्यावर डिस्कसची पिल्लं : बेळगावातली नोंद

डिस्कस या ताटलीसारख्या गोल शोभेच्या माशाची पिल्लं आईबापापासून वेगळी केली. दिवाळी झाली तशी ती आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जिवंत कवचधारी जीव) सोडून बारीक दाण्यावरही तुटून पडायला लागलीत, आणि त्यातली बरीचशी आता रुपयाच्या नाण्याएवढी गोल दिसतात. उन्हाळ्यात जोडी जमली होती, अंडीही घालत होती, पण दुसऱ्या दिवशी सगळी पांढरी पडून वाया. यंदाच्या पावसाळ्यात ते सुटलं. आपल्या भागात डिस्कसची पिल्लं काढायला पाण्यातले क्षार काढणारं महागडं आरओ मशीन लागतंच असं नाही, बेळगावचा पाऊस पुरतो, हे मी आता खात्रीनं सांगू शकतो. ते कसं जमलं, ते सविस्तर लिहितो.

आधी पाण्याचं. आमच्या घरच्या टाकीत नळाचं आणि बोअरचं पाणी मिसळून असतं. नळ रोज येत नाही, त्यामुळं बोअरशिवाय भागत नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर लावला की तीनशेच्या आसपास आकडा. मोठ्या डिस्कसना याचा काही त्रास नाही. जर्मनीतल्या स्टेंडकरांच्या हॅचरीत डिस्कस नळाच्या पाण्यावरच वाढवतात, आणि आज बाजारात मिळणारा मासा पिढ्यान्‌पिढ्या टाकीत जन्मलेला आहे. पाणी रोज तेच, तेवढंच उबदार आणि स्वच्छ मिळालं की तो खातो, रंग धरतो. अंड्यांची गोष्ट वेगळी. जड पाण्यात अंडं नीट फळत नाही. ऑस्ट्रियन मत्स्यशास्त्रज्ञ योहान हेकेल यांनी 1840 मध्ये ज्याचं पहिलं वर्णन केलं तो मासा अमेझॉनला मिळणाऱ्या रिओ निग्रो नदीचा. त्या नदीच्या काळ्या, आम्लधर्मी पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. मासा कितीही पाळीव झाला तरी अंड्याची ही गरज सुटलेली नाही.

आमचं घर जुनं, मागची पडवी मंगळुरी कौलांची. जूनमध्ये तिथं पीव्हीसीची पन्हळ बसवून घेतली. आधी जस्ती पत्र्याची होती, ती मुद्दाम काढली. पावसाचं पाणी मऊ असतं, आणि मऊ पाण्यात जस्त, तांबं लवकर उतरतं. माशांना दोन्ही विषारी. याच कारणानं पाणी कोमट करायला तांब्याचा बंब किंवा हंडा वापरू नका. आपल्याकडं घरोघरी बंब असतो, हात आपसूक तिकडंच जातो, म्हणून स्पष्ट लिहिलं. मी प्लास्टिकच्या ड्रममध्ये काचेचा हीटर टाकून रात्रभर ठेवतो.

मृगाचे पहिले मोठे पाऊस वाहू दिले. कौलांवरची धूळ, शेवाळ, पक्ष्यांची घाण त्यात जाते. नंतरचं पाणी जाड सुती कापडातून गाळून पाचशे लिटरच्या काळ्या टाकीत घेतलं. हिशेब सोपा आहे : एका चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पडवी वीस चौरस मीटर धरली तर पंचवीस मिलीमीटरच्या पावसात टाकी भरते, आणि जुलैत आपल्याकडं तेवढा पाऊस एका दिवसात सहज होतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या मंडळींना तर टाकी कमी पडेल. झाकणाखाली डासांची जाळी आणि आत हवेचे बुडबुडे सोडणारा एक एअर स्टोन, एवढंच. माझ्या मीटरवर या पाण्याचा आकडा पंधराच्या आसपास येतो.

पण नुसतं पावसाचं पाणी घालायचं नाही. त्यात पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) धरून ठेवणारे क्षारच नसतात, त्यामुळं माशांच्या घाणीनं तो एका रात्रीत घसरू शकतो. मी तीन भाग पावसाचं आणि एक भाग घरचं असं मिश्रण करतो. टीडीएस नव्वदच्या आसपास येतो, पीएच साडेसहाच्या जवळ राहतो. टाकीत देशी बदामाची वाळलेली पानं असतात. कॅम्पात ही झाडं भरपूर आहेत, पान लाल होऊन आपोआप गळलेलं घ्यायचं, रस्त्याकडेचं धुरकट नको. घरच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला ते एक दिवस हवा देऊन ठेवतो, घाई असली तर हायपो (सोडियम थायोसल्फेट) घालतो.

जोडीची टाकी दोन बाय दीड बाय दीड फुटांची, म्हणजे काठोकाठ सव्वाशे लिटर. तळ मोकळा, वाळू नाही, झाडं नाहीत. स्पंज फिल्टर, 29 अंश तापमान, रोज पाव टाकी पाणी बदल. अंडी घालायला मातीचा सुळका ठेवलाय. तो खानापूरहून करून आणला. खानापूरची माती आणि तिथली कौलं आपल्याला माहीत आहेतच. कुंभारमामांना म्हटलं, “मामा, वर निमुळता, खाली रुंद, वीतभर उंच, आणि वर चकाकी अजिबात नको.” त्यांनी चाकावर बसल्या बसल्या तीन करून दिले. खडबडीत मातीवर अंडी घट्ट चिकटतात. वापरण्याआधी आठवडाभर पाण्यात भिजवून, पाणी बदलत राहायचं.

नर टर्कॉइज, मादी पीजन ब्लड, या डिस्कसच्या दोन पाळीव रंगजाती. आठ लहान मासे एकत्र वाढवले, त्यातून दोघांनी एकमेकांना निवडलं. बाहेरून बघून नर-मादी ओळखणं कठीण असतं, अंडी घालायच्या वेळी खाली नळी दिसते तेव्हाच कळतं : मादीची रुंद नि बोथट, नराची बारीक नि टोकदार.

मिश्रणाचं पाणी सुरू केल्यावर गणपतीच्या दिवसांत दोघं सुळका चोचू लागली, अंग थरथरवत एकमेकांसमोर वाकू लागली. अमेझॉनमध्ये पावसानं नदी चढते तेव्हा डिस्कस विणीला लागतात, त्यामुळं अशा वेळी दोन अंश थंड मिश्रणाचा एक मोठा पाणी बदल उपयोगी पडतो. मी तो केला आणि दोन दिवसांनी सुळक्यावर अंडी होती. यावेळी दुसऱ्या दिवशी बहुतेक अंडी मधाच्या रंगाची, पारदर्शक राहिली, आणि आत काळा ठिपका दिसू लागला. वैनींना हाक मारून दाखवलं. त्या टाकीजवळून हलेचनात.

ती खेप मात्र विसर्जनात गेली. आमची गल्ली मिरवणुकीच्या वाटेवर आहे. कपिलेश्वर तलावाकडं जाणाऱ्या मिरवणुका बेळगावात दुसऱ्या दिवसापर्यंत चालतात. ढोल-ताशांनी काच थरथरत होती, आणि पहाटेपर्यंत दोघांनी अंडी खाऊन टाकली. डिस्कसला धोका वाटला की तो हेच करतो. ज्यांचं घर मिरवणुकीच्या वाटेवर आहे त्यांनी त्या आठवड्यात जोडी विणीला लागेल असा पाणी बदल करू नये आणि टाकीखाली जाड थर्माकोल घालावा. जोडी चांगली असेल तर आठ-दहा दिवसांत पुन्हा अंडी घालते, त्यामुळं हातपाय गाळायचं कारण नाही.

नवरात्रातली अंडी टिकली. 29 अंशांना साधारण अडीच दिवसांत फुटली. फुटलेली पिल्लं लगेच पोहत नाहीत. डोक्याजवळच्या चिकट ग्रंथींनी सुळक्याला लटकून शेपट्या वळवळवत राहतात. आईबाप त्यांना तोंडात घेऊन एका जागेवरून दुसरीकडं लावतात. पहिल्यांदा बघताना खाल्लीच वाटतं, पण थांबा, थुंकतात. आणखी अडीच-तीन दिवसांनी ती पोहू लागतात, आणि खरी कसोटी तिथं सुरू होते.

कारण पिल्लांचं पहिलं अन्न म्हणजे आईबापाच्या अंगावरचा स्राव. 1959 मध्ये हिल्डेमान या संशोधकांनी या संगोपनावर शोधनिबंध लिहिला होता. पुढं 2010 मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की अंडी घातल्यापासून या स्रावातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात, पहिले दोन आठवडे आईबाप पिल्लांना मनमुराद चरू देतात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना टाळू लागतात. हे सगळं वाचलेलं असतानाही, नराच्या दोन्ही बाजूंना पापण्यांसारखी दाटीनं चिकटलेली पिल्लं समोर बघितली तेव्हा मी दुकान उघडायला उशिरा गेलो.

आता पीजन ब्लडचा मुद्दा, कारण यावर मराठीत फार कमी लिहिलेलं सापडतं. नव्यानं पोहू लागलेलं पिल्लू काळ्या वस्तूकडं ओढलं जातं. रानटी डिस्कस आणि टर्कॉइज विणीच्या काळात अंग काळपट करतात, आणि पिल्लांना दिशा मिळते. पीजन ब्लडचा रंग तसा गडद होत नाही. ती उजळच राहते, आणि मग पिल्लं तिच्याऐवजी काळा स्पंज, काळी हीटरची टोपी, कोपऱ्यातली सावली यांना चिकटून उपाशी मरतात. म्हणून अंडी फुटली त्याच दिवशी मी टाकीच्या तिन्ही बाजूंना आणि खाली पांढरा कागद लावला, काळा स्पंज काढून आधीपासून मुरवून ठेवलेला पांढरा बसवला, हीटर पांढऱ्या जाळीच्या नळीत घातला. पिल्लं पोहू लागली तसा सुळका काढला आणि पाणी नऊ इंचांवर आणलं, म्हणजे त्यांना आईबापापर्यंत पोचायला अंतर कमी. रात्री मंद दिवा चालू.

त्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेक पिल्लं नराच्या अंगावर होती. मादीकडं सुरुवातीला मोजकीच. दुसऱ्या दिवसापासून नर दमला की अंगाला झटका देऊन बाजूला व्हायचा आणि मादी बरोबर तिथं येऊन उभी राहायची, तेव्हा घोळका तिच्यावर जायचा. एवढ्या उजळ मादीनं निम्मा भार उचलला, याचं मला फार कौतुक वाटतं. मादी पीजन ब्लड असेल तर नर गडद रंगाचा निवडा, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

पाचव्या दिवसापासून ताजा आर्टेमिया. जाड मिठाच्या पाण्यात, लिटरला पंचवीस ग्रॅम, जोरात हवा आणि 28 अंश ठेवले की चोवीस ते छत्तीस तासांत फुटतो. टरफलं पिल्लांना जाऊ द्यायची नाहीत, आणि आर्टेमिया गोड्या पाण्यानं धुऊनच घालायचा. तिसरा आठवडा लागल्यावर पिल्लं वेगळ्या टाकीत नेली. आता कोळंबी, थोडा पालक आणि लसूण वाटून जिलेटिनमध्ये गोठवलेलं मिश्रणही देतो. कोळंबी मासळी बाजारातून सकाळी लवकर आणायची, दुपारची नको.

पुढचं काम थंडीचं. डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री चांगल्याच गार होतात. चार फुटी टाकीला तीनशे वॅटचा एक हीटर लावण्यापेक्षा दीडशेचे दोन लावले आहेत : एक बंद पडला तर दुसरा थोडं तरी सांभाळतो, आणि एखादा चालूच अडकला तरी मासे शिजत नाहीत. करंट गेला की इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप ठेवतो. टाकीच्या मागं, बाजूंना थर्माकोल आणि वर झाकण असेल तर एवढं पाणी हळूहळूच थंड होतं, दोन-तीन तासांत घाबरण्यासारखं काही होत नाही.

साठवलेलं पावसाचं पाणी अजून निम्मी टाकी शिल्लक आहे, ते आणखी एका विणीसाठी राखून ठेवलंय. पिल्लांना त्याची गरज नाही. त्यांना हळूहळू घरच्या तीनशेच्या पाण्यावर आणतोय, म्हणजे ती कुठल्याही घरी रुळतील. वाकडी पाठ, लहान अंग, मोठा डोळा असलेली वेगळी काढून उरलेली तळहाताच्या निम्मी झाली की देईन. निपाणी, चिक्कोडी, चंदगडकडून ज्यांना न्यायची आहेत त्यांनी आपल्या पाण्याचा टीडीएस आणि पीएच आत्ताच मोजून कळवावा, त्याप्रमाणे त्यांच्या वाटची पिल्लं मी आधीपासून वेगळ्या टाकीत त्या पाण्यावर सवयीला लावून ठेवतो.