काटेवाला म्हणजे कोण?

वजनकाटे दुरुस्तीचा परवाना हातात पडला आणि पुढच्याच सोमवारी मी कामं शोधायला बाहेर पडलो. त्याआधी आठ वर्षं दुसऱ्याच्या दुकानात वजनकाटे दुरुस्त करत होतो. लोडसेल, म्हणजे काट्यातला वजन टिपणारा भाग, तपासायचा, बॅटरी बदलायची, उंदराने कुरतडलेली वायर जोडायची, हे सगळं डोळे झाकून येत होतं. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम मालक करायचे. ते आपल्याला येत नाही, हे त्या सोमवारपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मार्चचे दिवस. आमच्या सांगली-मिरजेच्या बाजूला तेव्हा हळदीचा हंगाम जोरात असतो. मार्केट यार्डाचं नाव मुद्दाम घेत नाही, माणसं अजून तिथंच आहेत आणि त्यातली निम्मी आता माझी गिऱ्हाइकं आहेत. माझा अवतार असा: इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत फाईल, आणि मागून मावसभाऊ, दोन्ही हातांत वीस-वीस किलोची ओतीव लोखंडी वजनं घेऊन डुलत चाललेला. शर्ट घालताना आईनं म्हटलं होतं, "हळदीत जातोयस, पांढरा कशाला?" तिला शर्टाच्या डागाची काळजी होती. शर्टानं दुसरीच अडचण केली.

पहिल्या पेढीवर पाठ करून ठेवलेलं वाक्य टाकलं. "नमस्कार. माझ्याकडे वैधमापन शास्त्राचा परवाना आहे. काटे बघायला आलो होतो."

गादीवरचे आप्पा उठूनच उभे राहिले. "या की साहेब, या. बसा." पंखा माझ्याकडे फिरवला गेला. कोपऱ्यातल्या पोरानं टेबलावरचा छोटा काटा उचलून पोत्यांच्या मागं कधी सरकवला ते मला दिसलंसुद्धा नाही, मावसभावानं नंतर सांगितलं. भरल्या कपातला चहा आला. मी मनात म्हणतोय, धंदा सोपा आहे की.

चहा निम्मा संपल्यावर आप्पांनी हळूच विचारलं, "साहेब, ह्या वर्षी नवीन बदली का? मागचे साहेब वेगळे होते."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पांढरा शर्ट, फाईल, मागं वजनं धरलेला माणूस आणि तोंडात 'वैधमापन' हा शब्द, म्हणजे निरीक्षकच. आमच्याकडं त्यांना 'वजनमापवाले' म्हणतात, आणि ते आले की यार्डात एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला त्यांच्या आधी पोचते. माझीही पोचली होती. बाहेर आलो तर समोरच्या ओळीतली दोन शटर अर्धी खाली. हंगामाच्या भरात, सकाळी साडेदहाला.

"अहो आप्पा, मी साहेब नव्हे. मी काटे दुरुस्त करतो," असं म्हटल्यावर त्यांचा चेहरा आधी सुटला, मग पडला. पंखा परत जागेवर गेला. "मग तसं सांगायचं की सुरुवातीलाच. आमचा काटा चालतोय." चहा मात्र पिऊ दिला.

यात माझं खोटं काहीच नव्हतं. वैधमापनाचा, म्हणजे वजनं-मापं खरी ठेवायचा, कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०११ला, आणि त्याप्रमाणे वजनं-मापं बनवणारा, विकणारा आणि दुरुस्त करणारा, तिघांनाही परवाना लागतो. माझ्याकडे दुरुस्तीचा होता. पण मी परवान्याचं नाव आधी घेतलं आणि काम मागून सांगितलं. ऐकणाऱ्याला नावच पुरलं.

पुढच्या पेढीपासून सूर बदलला. फाईल मावसभावाच्या पिशवीत टाकली. "मी काटे दुरुस्त करतो. काही बिघाड असेल तर बघू का?" आता कुणी उठून उभं राहिना. उलट मान वर न करता, "न्हाई ओ, चालतोय आमचा." सलग पाच पेढ्यांवर हेच. एका ठिकाणी तर हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींनी मला पंख्याचा कंडेन्सर बदलायला सांगितला. बदलला. वीस रुपये मिळाले. त्या दिवसातली ती पहिली कमाई.

काटा चालतोय म्हणजे आकडे उमटतायत, एवढाच लोकांचा अर्थ. आकडे उमटत असताना काटा चुकत असू शकतो, हे कुणाच्या मनात येत नाही, कारण इलेक्ट्रॉनिक काट्याचे लाल आकडे इतके ठाम असतात. जुना तराजू निदान डुलायचा तरी. शिवाय काटा बिघडला नसला तरी वर्षातून एकदा त्याची पडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यावंच लागतं. यार्डात त्याला 'पासिंग' म्हणतात. काट्याला शिशाचं सील असतं, त्यावर तिमाहीचं अक्षर आणि सालाचे शेवटचे दोन आकडे उमटवलेले असतात. पासिंग सरकारी निरीक्षक करतात. त्याआधी काटा साफ करून, तपासून, त्या परीक्षेला बसेल असा करून देणं हे आमचं काम. हे सगळं मी त्या पाच पेढ्यांवर सांगितलं का? नाही. 'दुरुस्त करतो' म्हणालो आणि मिस्त्री होऊन बाहेर आलो.

दुपारी उन्हात बसून भडंग खाताना मावसभाऊ म्हणाला, "दादा, दुरुस्ती म्हटलं की खर्च वाटतो. सेटिंग म्हण. टीव्हीवाले, डिशवाले सगळे सेटिंगच म्हणतात." पोरगा आयटीआय झालेला, आणि आमच्या दुकानातही कॅलिब्रेशनला, म्हणजे काट्याचा आकडा खऱ्या वजनाशी जुळवण्याला, आम्ही सेटिंगच म्हणायचो. मला पटलं.

तिथंच तर घोळ झाला. पुढचे गृहस्थ खरेदीदार. मोठं गोदाम, छतापर्यंत थप्पी, आत शिरलं की नाकात हळदीचा खाट. मी म्हणालो, "शेठ, काट्याचं सेटिंग करून देतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बाहेर पाहिलं. "आत या," म्हणाले. हमालांना चहाला पिटाळलं, मावसभावाला दारात उभं राहायला सांगितलं आणि आवाज उतरवून विचारलं, "पोत्यामागं किती बसवता? दोनशे ग्रॅम बसवा. जास्त नको, डोळ्यात येतं."

उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला 'काटामारी' हा शब्द कुणी समजावून द्यावा लागत नाही. आमच्या घरी माझ्या वडिलांनी आयुष्यभर हा शब्द जेवताना उच्चारला आहे. आणि त्यांचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट घालून, हेच करायला गोदामात शिरलाय असं समोरचा माणूस अगदी सहज धरून चालला होता. मला घाम फुटला. रागानं नव्हे, खरं सांगायचं तर भीतीनं. परवाना मिळून मला आठच दिवस झाले होते.

"शेठ, तसलं सेटिंग नाही करत मी," म्हणालो. "माझं सेटिंग म्हणजे वीस किलोचं वजन ठेवलं की वीस दिसलं पाहिजे. एकोणीस नऊशे नाही आणि वीस शंभर पण नाही."

ते हिरमुसले. चिडले नाहीत, हे त्यांचं मी अजून मानतो. उलट गाऱ्हाणं मांडायला लागले. ते ऐकून घेतलं नसतं तर मी तसाच परत फिरलो असतो. म्हणाले, "अहो, मी काय चोर आहे का? माल इथनं भरून पुढच्या पार्टीकडं पाठवतो, तिकडं घट येते. दर गाडीला. ते म्हणतात हळद वाळली. वाळली तर वाळली, पण घट माझ्याच बोकांडी का? म्हणून म्हटलं, थोडं इकडंच काढून घ्यावं."

हळद वाळते, वजन उतरतं, हे खरंच आहे. पण दर गाडीला? मी मावसभावाला आत बोलावलं. "शेठ, पैसे नका देऊ. तुमचा काटा पाच मिनिटं मला द्या."

मोठा प्लॅटफॉर्म काटा होता, पत्र्याचा पाट, खाली चार कोपऱ्यांना चार लोडसेल. लोडसेल म्हणजे धातूचा ठोकळा. वजन आलं की तो डोळ्याला न दिसेल इतका वाकतो, आणि त्या वाकण्याचा आकडा होतो. चारही ठोकळ्यांनी सारखंच बोलायला हवं. म्हणून काटा तपासताना वजन नुसतं मध्ये ठेवून भागत नाही, प्रत्येक कोपऱ्यावर फिरवावं लागतं. पाटाखाली हळदीची भुकटी आणि सुतळीचे तुकडे कोंबल्यासारखे बसले होते, ते आधी ब्रशनं काढले. मग वजन मध्ये ठेवलं: २०.०२. भिंतीकडचे दोन कोपरे: २०.००. आतल्या बाजूचा: २०.०१. दाराकडचा: २०.०८.

वजन उचललं, पुन्हा ठेवलं. २०.०८. दुसरं वजन घेतलं. तेच.

शेठ वाकून आकडा बघत होते. "म्हणजे?"

"म्हणजे ह्या कोपऱ्यावर वीस किलोला ऐंशी ग्रॅम जास्त दाखवतोय. पोतं काही एकाच कोपऱ्यावर उभं राहत नाही, म्हणून पुरा फरक येत नसणार. पण हमाल पोतं कुठल्या बाजूनं टाकतात?"

दाराकडनं. पाठीवरनं धाडकन, वर्षानुवर्षं, त्याच कोपऱ्यावर. पोत्याचा जास्त भार तिथंच बसायचा आणि ठोकळ्यानं मारही तिथंच खाल्लेला. शेठ शेतकऱ्याला आहे त्याहून जास्त वजनाचे पैसे देत होते, आणि पुढच्या पार्टीच्या काट्यावर बरोबर वजन आलं की त्याला घट म्हणत होते. सगळी घट ह्याचीच, असं मी म्हणालो नाही. वाळणं त्यात असणारच. पण तो आकडा पाहिल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकदम हसले. "म्हणजे काटा मलाच मारतोय!"

आणि तेव्हा, दुपारी साडेतीनला, मी पहिल्यांदा धड ओळख करून दिली. ठरवून नव्हे, त्यांनीच एकामागून एक विचारलं म्हणून. तुम्ही सरकारी? नाही, दुरुस्तीचा परवाना असलेला खासगी माणूस. पासिंग तुम्ही करता? नाही, निरीक्षक करतात, मी काटा त्यासाठी तयार करून देतो आणि अर्जाला मदत करतो. आत्ता इथंच कोपरा पिळून देता का? नाही. सील तोडलं की पुन्हा मुद्रांकन होईपर्यंत काटा वापरता येत नाही, तेव्हा हा मी घेऊन जातो, तोवर तुम्ही दुसरा वापरा. ही वजनं खरी कशावरनं? तीही दर दोन वर्षांनी पासिंग करून आणावी लागतात, हा कागद बघा. खर्च किती? आकडा सांगितला. कमी होईल का? नाही. आणि वजन कमी-जास्त करून? ते कधीच नाही, कुणासाठीच नाही.

शेवटचा प्रश्न त्यांनी पुन्हा का विचारला, देव जाणे. सवय असावी.

काटा टेंपोत चढवताना हमाल जमले. त्यातला एक म्हातारा तोलाईदार मला म्हणाला, "तो कोपरा जड बोलतोय हे मला दोन वर्सं ठावं हाय." मग सांगितलं का नाही, असं विचारलं तर म्हणाला, "शेतकऱ्याचं काय नुकसान हुतंय त्यात?" यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

त्या संध्याकाळी शर्ट पिवळा झालेला होता आणि खात्यावर एक काम. काट्याचा दाराकडचा लोडसेल खरोखरच गेला होता, बदलला, चारही कोपरे जुळवले, आणि पासिंग होऊन काटा गोदामात परत गेला. तो पोचवायला गेलो तेव्हा साधा निळा शर्ट घातला होता. शेठनी स्वतः चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून पाहिलं, पैसे मोजून दिले, आणि म्हणाले, "तुमचा नंबर द्या. आमच्या भावकीत चार काटे आहेत, सांगतो त्यांना."

मी नंबर सांगितला. ते चष्मा कपाळावर सरकवून एकेक अक्षर टाईप करत होते आणि मी वाकून बघत होतो. नाव टाकलं: 'काटा सेटिंग साहेब'.